सातवं वलय

पहिल्या दिवशी भरलेल्या नऊ कुप्यांपैकी तीन मला टाकून द्याव्या लागल्या. आतले प्राणी शाबूत होते, अल्कोहोल ताजं होतं, पण चिठ्ठीवरची शाई त्याच अल्कोहोलमध्ये विरघळून गेली होती. कोणता प्राणी कोणत्या दगडाखालचा, हे सांगायला काहीच उरलं नव्हतं. "जागा माहीत नसेल तर तो नमुना नाही, नुसता मेलेला जीव आहे," माझ्या प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तीन जीव आपण उगीच मारले, हे मला बरेच दिवस टोचत राहिलं. तेव्हापासून माझ्या खिशात शिसपेन्सिल असते आणि चिठ्ठी आधी लिहायची, प्राणी नंतर पकडायचा, हा क्रम मी मोडलेला नाही.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला प्रकल्पाचा विषय निवडायचा होता. वर्गात बहुतेकांनी फुलपाखरं आणि पक्षी घेतले. मी पैसे आणि गोमी घेतल्या. शहरात आपण ज्याला पैसा म्हणतो, कारण हात लावला की तो गुंडाळून नाण्यासारखा होतो, त्याला माझी आजी वाणी म्हणायची. गोम वेगळी, चपट्या अंगाची, पळणारी आणि चावणारी. हातभर वाटावी अशी मोठी असली की ती घोण. घरात दोन्ही निघाल्या की चपलेनेच मारल्या जातात, त्यामुळे त्यांच्यातला फरक बघायची वेळ सहसा येत नाही.

मला या विषयाकडे एका गुलाबी रंगाने ओढलं. थायलंडमधल्या चुनखडीच्या डोंगरांतल्या एका भडक गुलाबी, काटेरी पैशाला २००७ साली नाव मिळालं, डेस्मोझायटीस पर्प्युरोझिया. त्याचं छायाचित्र पाहिलं आणि मी चुनखडीच्या जंगलांबद्दल मिळेल ते वाचत सुटले. पैशाचं कवच कॅल्शियम कार्बोनेटमुळे, म्हणजे चुन्यामुळे टणक होतं. कात टाकली की बरेच पैसे ती खाऊन टाकतात, कष्टाने जमवलेला चुना वाया जाऊ देत नाहीत. जिथे जमिनीच्या पोटातच चुना आहे तिथे त्यांची चंगळ असणार हे उघड आहे. शिवाय चुनखडीचे डोंगर सपाट मुलखात बेटांसारखे सुटे सुटे उभे असतात. एका डोंगरावरच्या जातीला शेजारच्या डोंगरावर जाता येत नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहून ती वेगळी होत जाते.

पुण्याखाली मात्र सगळा काळा पाषाण आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. इथे मी काय शोधणार, असं मी मॅडमना विचारलं. त्यांनी उलट विचारलं, "काळ्या पाषाणात चुना नसतो असं कोण म्हणालं?" आणि मला भूगर्भशास्त्राचं पुस्तक उघडायला लावलं. दख्खनच्या बेसाल्टमध्ये कॅल्शियम ऑक्साइडचं प्रमाण साधारण १० टक्के असतं. ते खनिजांत अडकलेलं असतं आणि खडक झिजला की सुटतं. जिल्ह्याच्या कोरड्या पूर्व भागात ते जमिनीत साठत जातं, काळ्या मातीत चुनखडीचे पांढरे खडे सापडतात ते त्याचेच. पश्चिमेला मुळशी-ताम्हिणीच्या पावसात ते धुऊन निघतं. एकाच जिल्ह्यात चुन्याची अशी दोन टोकं, आणि मध्ये पुणे. मला माझा प्रश्न मिळाला: चुना बदलला की पैसे आणि गोमीही बदलतात का?

जागा तीन ठरवल्या. शहरातली वेताळ टेकडी, मुळशी तालुक्यातली एक देवराई आणि ताम्हिणीचं जंगल. ताम्हिणी २०१३ पासून अभयारण्य आहे. तिथे लेखी परवानगीशिवाय पालासुद्धा हलवायचा नसतो, आणि ते योग्यच आहे. परवानगी हाती येईपर्यंत मी आणि माझ्या जोडीदारणीने टेकडीवर नुसतं बघायचं काम केलं. त्या बघण्याचा पुढे फार उपयोग झाला, कारण दगड कसा उचलायचा हे तिथेच शिकले. दगड आपल्याकडे ओढून उचलायचा, म्हणजे खालून काही पळालं तर ते आपल्या पायांवर न येता पुढे जातं. आणि पाहून झालं की तो त्याच खळग्यात, त्याच बाजूने परत ठेवायचा. कोरड्या टेकडीवर त्या दगडाखालची ओल हेच त्यांचं घर असतं. गोमीच्या अंगावर पाणी धरून ठेवणारा मेणाचा पक्का थर नसतो, उघड्यावर राहिली तर ती लवकर सुकते. दगड उलटा टाकून पुढे जाणारा माणूस एका मिनिटात अख्खं घर मोडतो.

सामान साधं होतं. पाइपची एक मीटर बाय एक मीटरची चौकट, बोहरी आळीतून आणलेली गव्हाची चाळण, पांढरा ट्रे, लांब चिमटा, ७० टक्के अल्कोहोल, जमिनीचा थर्मामीटर. चौकट टाकायची, आतला सगळा पाला चाळणीत घ्यायचा, ट्रेवर हलवायचा आणि वाट बघायची. ही वाट बघणं महत्त्वाचं. पहिल्या मिनिटात फक्त मुंग्या आणि कोळी दिसतात. दोन-तीन मिनिटांनी, सगळं शांत झालं की, आतापर्यंत काडी वाटत असलेली काडी चालायला लागते. चाळलेला पाला पिशवीत भरून घरी आणायचा आणि नरसाळ्यावर, ४० वॉटच्या बल्बखाली ठेवायचा. बल्बच्या उष्णतेने पाला वरून सुकत येतो तसे जीव खाली खाली सरकतात आणि शेवटी नरसाळ्यातून कुपीत पडतात. आमच्या बाल्कनीत अशी तीन नरसाळी पावसाळाभर जळत होती. आईने त्यावर एकदाही तक्रार केली नाही, उलट बल्ब गेला की तीच बदलायची.

जमिनीत पेले पुरून सापळे लावायची पद्धतही केली. देवराईत ती पार फसली. रात्रभराच्या पावसाने बारा पेले काठोकाठ भरले आणि सकाळी त्यांत फक्त गढूळ पाणी होतं. मग पेल्यांवर खुंट्या रोवून पत्र्याचं छप्पर केलं, तरी जमिनीखालून पाझरणारं पाणी थांबेना. ज्या भागात पावसाचं माप हजारो मिलिमीटरमध्ये धरतात तिथे पुण्याच्या सातशे मिलिमीटरचा हिशोब लावून चालत नाही. तिथे सापळे सोडून दिले आणि हाताने शोधण्यावर भर दिला. दोघींनी एक तास, ठरवलेल्या पट्ट्यात, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. तास संपला की समोर काहीही दिसत असलं तरी थांबायचं, नाहीतर दोन जागांची तुलनाच होत नाही.

देवराईबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. १९७० च्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी या भागातल्या देवराया पालथ्या घातल्या आणि त्यांचं मोल अभ्यासकांपुढे मांडलं. त्यांचं लक्ष मुख्यतः झाडांवर होतं. मी गेले ती झाडाखालच्या पाल्यासाठी. देवाचं रान असल्यामुळे तिथून वाळकी काटकीसुद्धा कुणी नेत नाही, पडलेला ओंडका पडल्या जागी कुजतो. पैशाला याहून जास्त काय हवं? गुरवमामांना आम्ही आधी नारळ दिला आणि काय करणार ते नीट सांगितलं. जीव मारणार, हेही सांगितलं, लपवलं नाही. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "लागतील तेवढेच घ्या, ताई. आणि पाला ज्याच्या जागी त्याला ठेवा. देवाच्या चौथऱ्याजवळ जोडे नकोत, बाकी रानात घाला." आमच्या मार्गदर्शक पुस्तिकेतल्या नमुने गोळा करण्याच्या नियमांचा सारांश मामांनी तीन वाक्यांत सांगून टाकला होता.

मामांचा नातू चौथीत होता. त्याने एक चपट्या पाठीचा, कडांना पिवळे ठिपके असलेला पैसा हातावर घेऊन मला विचारलं, "ह्याला खरंच हजार पाय असतात का?" ओसरीवर बसून आम्ही भिंगातून पाय मोजले. तीनदा मोजले, कारण पैसा थांबत नव्हता. बासष्ट भरले. मग मी त्याला सांगितलं की ही मादी आहे. या गटातल्या प्रौढ मादीला पायांच्या ३१ जोड्या असतात, नराला चालायच्या ३०. हजारांहून जास्त पाय असलेला पैसा जगाला २०२१ साली पहिल्यांदा कळला. ऑस्ट्रेलियात खनिज शोधायला खणलेल्या बोअरमध्ये खोलवर सापडलेल्या त्या जातीच्या एका मादीला १,३०६ पाय होते. गोमीला तर बरोबर शंभर पाय कधीच नसतात. तिच्या चालायच्या पायांच्या जोड्या नेहमी विषम असतात, आणि शंभर पायांना पन्नास जोड्या लागतील. हे ऐकून त्याने ओसरीवरच्या मडक्यामागची गोम शोधायला धाव घेतली, आणि मला ओरडून त्याला थांबवावं लागलं.

हात लावण्याचीही एक शिस्त असते. पैसे चावत नाहीत, पण लांब गोल पैसे अंगातून पिवळसर द्रव सोडतात आणि बोटं आठवडाभर तपकिरी राहतात. त्या बोटांनी डोळा चोळला तर फार वाईट. चपट्या पाठीच्या गटाचं अस्त्र वेगळं आहे. ते सायनाइडचा वायू सोडतात. हुंगलं तर कडू बदामाचा वास येतो. माणसाला त्या मात्रेने काही होत नाही, पण असे पाच-सहा जण एका बंद कुपीत ठेवले तर ते एकमेकांच्याच वायूने मरतात. जिवंत न्यायचे असतील तर कुपी वेगळी आणि झाकणाला भोक, हे मी वाचून शिकले, करून नाही, याचं समाधान आहे.

घोण मात्र मला चावली. चूक माझी होती. चिठ्ठी लिहायला हातमोजा काढला आणि तसाच हात ओंडक्याखाली घातला. चावणं म्हणतो खरं, पण ते तोंडाने नसतं. डोक्यामागच्या पायांची पहिली जोडीच विषाच्या नांग्या झालेली असते. बोटात तापलेली सळई घातल्यासारखं झालं आणि पाच मिनिटांत मनगटापर्यंत ठणका चढला. मामांच्या घरी आजींनी चुलीवरचं पाणी दिलं. सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात हात बुडवून बसले तेव्हा कुठे ठणका उतरायला लागला. तालुक्याच्या डॉक्टरांनी सूज बघून धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. तिसऱ्या दिवशी सूज गेली. आजी रात्रभर एकच सांगत होत्या, कानात कापूस घालून झोप, गोम कानात शिरते. मी कापूस घातला. गोम कान शोधत येत नाही हे मला माहीत होतं, पण त्यांच्या काळजीशी वाद घालावासा वाटला नाही.

त्याच ओंडक्याखाली, दोन आठवड्यांनी, काळ्या-नारिंगी पट्ट्यांची घोण दिसली. स्कोलोपेंड्रा हार्डविकी. तिने अंगाचं कडं केलं होतं आणि त्या कड्यात पिवळट अंड्यांचा घोस धरला होता. जमिनीचा स्पर्श अंड्यांना होऊ नये म्हणून ती अशीच आठवडेच्या आठवडे बसते, काही न खाता, त्यांना चाटून बुरशीपासून जपते. या वेळी तिला त्रास झाला तर ती अंडी सोडून जाते किंवा स्वतःच खाऊन टाकते. माझ्याकडे त्या जातीचा एकही नमुना नव्हता. जोडीदारीण चिमटा घेऊन तयार होती. आम्ही ओंडका होता तसा खाली ठेवला. वहीत 'अंड्यांसह मादी, घेतली नाही' एवढीच नोंद आहे. माझ्या सगळ्या नोंदींत मला ती सर्वांत प्रिय आहे.

आता खरी गोम इथून पुढे आहे. पकडणं हे या कामातलं सोपं पान. नाव लावणं अवघड.

गोमींचं निदान तसं रुळलेल्या वाटेने जातं. पायांच्या जोड्या मोजा. पंधरा असतील तर त्या गोमी एका बाजूला काढायच्या, एकवीस किंवा तेवीस असतील तर घोणींचा गट, सत्तावीस किंवा त्याहून जास्त असतील तर मातीत राहणाऱ्या दोरीसारख्या गोमी. मग डोळे आहेत का, असले तर किती, मिशीचे पहिले किती भाग गुळगुळीत, शेवटच्या पायांवर काटे कुठे आणि किती. सातव्या खंडाच्या कुशीत श्वासाचं छिद्र आहे का, हा प्रश्न तर अख्ख्या प्रजातींचे, म्हणजे जवळच्या जातींच्या समूहांचे, गट वेगळे करतो. दख्खनच्या घोणींवर जांगी आणि दास यांनी १९८४ मध्ये लिहिलेला शोधनिबंध आजही टेबलावर उघडा ठेवावा लागतो.

पैशांकडे आलं की रंग, लांबी, पाय यांतलं काहीच पुरत नाही. दोन वेगळ्या जाती वरून हुबेहूब सारख्या असू शकतात. बहुतेक गटांत खात्री देणारी खूण एकच, नराच्या सातव्या वलयावरचे पाय. ते चालायचे राहिलेले नसतात, मीलनासाठी त्यांचं अवजार झालेलं असतं, आणि प्रत्येक जातीत त्याचा घाट वेगळा असतो. पैसा उलटा करायचा, मानेपासून वलयं मोजत यायची, आणि सातव्यावर पायांच्या रांगेत दात पडल्यासारखी फट दिसली की समजायचं, प्रौढ नर. मग तांदळाच्या कणीपेक्षा लहान असलेलं ते अवजार सुईने सोडवायचं, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली चित्र काढायचं. फोटो चालतो, पण चित्र काढताना डोळा जे बघतो ते कॅमेरा बघत नाही. माझं पहिलं अवजार सुईच्या टोकावरून उडालं आणि टेबलाखाली दोन तास शोधूनही मिळालं नाही. पुढची मी पाण्याने भरलेल्या बशीत सोडवली.

माझ्या कुप्यांतले बहुसंख्य पैसे माद्या होत्या, नाहीतर पिल्लं. पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा त्याला पायांच्या तीनच जोड्या असतात, प्रत्येक कातीला त्यांत भर पडते. त्यामुळे अर्धवट वाढलेल्याची वलयं मोजूनही काही हाती लागत नाही. अहवालाच्या तक्त्यात ओळीमागून ओळीत प्रजातीच्या पुढे फक्त 'जात अनिश्चित' लिहावं लागलं. मला ते अपयश वाटायचं. एका संध्याकाळी मी त्यांतल्या दोघींना जवळचं वाटणारं नाव लावून टाकलं. मॅडमनी तक्ता वाचला आणि त्या दोन ओळींखाली पेन्सिलने रेघ मारून विचारलं, "नर कुठे आहे?" मी नावं खोडली. चुकीचं नाव एकदा छापलं गेलं की पुढचे दहा जण ते उचलतात, आणि त्या जातीचा नकाशाच बिघडतो. रिकामी जागा निदान कुणालातरी शोधायला बोलावते.

डिसेंबरमध्ये एकदा चुनखडी प्रत्यक्ष बघून आले. पुण्याहून रेल्वेने रायपूर, तिथून बसने जगदलपूर, आणि कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानातली कुटुमसरची गुहा. पावसाळ्यात ती पाण्यामुळे बंद असते. गोळा करायची परवानगी नव्हती आणि आम्ही मागितलीही नव्हती, वाटाड्याच्या दिव्यामागे नुसतं चालायचं होतं. बाहेर थंडी आणि आत दमट उबारा. आमच्या कार्ल्या-भाज्याच्या लेण्यांत भिंतीवर छिन्नीची खूण दिसते, इथे सगळं पाण्याचं काम. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन उतरतं, चुनखडी विरघळवतं आणि छतातून ठिबकताना तीच पुन्हा थेंबाथेंबाने ठेवून जातं. वटवाघळांच्या विष्ठेजवळ लांब मिशांचे रातकिडे होते. डबक्यात फिके, डोळे गेलेले मासे दाखवले. त्यांना नेमाकाइलस इव्हेझार्डी या नावाने ओळखतात, आणि ते नाव मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये ज्या माशाला दिलं तो पुण्याचा होता, उजेडातल्या ओढ्यातला, डोळस. एवढ्या लांब येऊन पुण्याचंच नाव भेटल्यावर मला गलबलून आलं.

गुहेत मला एकही पैसा दिसला नाही. बाहेर साल वृक्षांच्या पाल्यावर वाकून बघितलं तर पाच मिनिटांत तीन दिसले.

पुण्यातल्या चुन्याचं काय झालं, असं मला विचारतात. टेकडीवर प्रकार कमी होते पण एकेका दगडाखाली एकाच प्रकारचे खूप. देवराईत आणि ताम्हिणीत प्रकार जास्त, प्रत्येकाचे एक-दोनच. हा फरक चुन्याचा की ओलीचा, हे एका पावसाळ्याच्या कुप्यांवरून सांगणं मला मान्य नाही, आणि मी अहवालात तसंच लिहिलं. नाव लागलेले आणि न लागलेले सगळे नमुने चिठ्ठ्यांसह संग्रहात जमा केले.

देवराईतला एक फिकट, जवळजवळ पांढरा, चपट्या पाठीचा पैसा मनातून जात नाही. चार मिळाले, चारही माद्या, सगळ्या त्या घोणीच्या ओंडक्यापासून दहा पावलांवरच्या उंबराखाली. या जूनमध्ये मामांचा फोन आला की पाऊस लागलाय आणि नातवाने उंबराखालचा एक पांढरा पैसा उलटा करून बघितलाय. सातव्या वलयावर पाय दिसत नाहीत म्हणतो. त्याला कुपीत न भरता तिथेच सोडायला सांगितलं आहे. शनिवारी पहाटेच्या एसटीने निघतेय, दोन शिसपेन्सिली घेऊन.